‘सी ऑफ’चं उदाहरण

बाबा,

काल नववीच्या वर्गात एका मुलीने मला असा प्रश्न विचारला, की आज हे पत्र लिहायला बसले. तलासरीच्या या शाळेत मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवते आहे आणि दरवर्षी कधी ना कधी ‘सी ऑफ’ शिकवायची वेळ येतेच. दोन साधे शब्द, पण जोडीने आले की अर्थ ठरलेला: जाणाऱ्या माणसाला गाडीपर्यंत पोचवायला जायचं आणि गाडी हलेपर्यंत तिथे थांबायचं. इथल्या मुलांना तो समजावून सांगावा लागत नाही. कितीतरी घरांतले बाप गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, त्यांना टेम्पोत बसवून द्यायला सगळं घर नाक्यावर येतं. वापर कळावा म्हणून मी फळ्यावर कायम एकच वाक्य लिहिते: ‘माय फादर नेव्हर केम टू सी मी ऑफ.’ माझे वडील मला कधीच पोचवायला आले नाहीत. जरा नाटकी तोंड करून वाचते, मुलं हसतात, आणि ज्या वाक्याला हसलं ते वाक्य पाठ करावं लागत नाही. काल सगळे हसले, तिसऱ्या बाकावरची एक मुलगी तेवढी हसली नाही. हात वर करून म्हणाली, “मॅडम, का नाय आले?” मी म्हटलं, “अगं, उदाहरण आहे ते.” “हां,” ती म्हणाली, “मला वाटलं खरंच. माझे बाबापण नाय येऊ देत टेम्पोपर्यंत. बोलतात, तुम्ही आलात का माझा पाय निघत नाय.” आणि मान खाली घालून तिने माझं वाक्य वहीत उतरवून घेतलं. मला ते तिच्या वहीतून खोडून टाकावंसं वाटलं, पण तास संपत आला होता आणि मी पुढचं क्रियापद घेतलं.

हे ‘सी ऑफ’ मी पहिल्यांदा शिकले ते तुमच्या गुमटीत, रेल्वे फाटकावरच्या गेटमनच्या खोलीत बसून. डहाणू आणि घोलवडच्या मधलं तुमचं फाटक, एका अंगाला चिकूची वाडी, दुसऱ्या अंगाला रस्ता, आणि रुळांना लागून ती तुमची एवढीशी खोली. खोलीत फोन, रजिस्टर, पाण्याचा माठ, खिळ्याला अडकवलेला कंदील, कोपऱ्यात दोन झेंडे. मी शाळेतून येताना तुमचा डबा घेऊन येते आहे, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी, आणि तुम्ही म्हणता आहात, “ठेव तिथे, आधी डाउन जाऊ दे.” गाडी गेल्याशिवाय तुम्ही डब्याचं झाकण उघडत नाही. मग जेवता जेवता मला म्हणता, “हां, वाच काय शिकवलं ते.” तुमचं इंग्रजी सगळं रेल्वेचं. अप, डाउन, लाइन क्लियर, हॉट एक्सल. वरोरच्या घरात काका सगळे बोटीवर, नोकरीला लागलेले तुम्ही एकटे, त्यामुळे तुम्हाला इंग्रजी येतं अशी अख्ख्या घराची समजूत होती आणि ती मोडायची तुमची इच्छा नव्हती.

मी ‘सी ऑफ’चा अर्थ सांगितला. तुम्ही घास थांबवून ऐकलंत आणि लगेच वाक्य केलंत: “आय सी ऑफ ट्रेन.” मी इतकी हसले की मला ठसका लागला. म्हटलं, “बाबा, ट्रेनला नाही हो, माणसाला! माणूस गाडीत बसतो, त्याला सी ऑफ करतात.” तुम्ही शांतपणे म्हणालात, “मग गाडीत काय असतं? माणसंच ना?” मग मी बाईंच्या आवाजात तुम्हाला शिकवलं की ‘मी’, ‘हिम’, ‘हर’ असलं की ते दोन शब्दांच्या मध्ये बसवायचं, सी मी ऑफ. तुम्हाला ते फार आवडलं. “म्हणजे माणसाला मधे घ्यायचं. बरोबर आहे, कडेला ठेवलं तर पडेल.” पुढचे आठ दिवस तुम्ही घरात जो कोणी बाहेर पडेल त्याला विचारत होतात, सी ऑफ करू काय? आई कंटाळून म्हणाली, “मला बाजारात जायचंय, काशीला नाही.”

तुम्ही काम कसं करायचात, हे मला इतकं पाठ होतं की आजही वर्गात करून दाखवता येईल. डहाणूहून फोन यायचा, तुम्ही फाटक लावायचात, ते लागल्याच्या खुणेचा नंबर सांगायचात, रजिस्टरमध्ये लिहायचात. मग बाहेर येऊन ठरलेल्या जागी उभे. हातात उघडलेला हिरवा झेंडा, दुसऱ्या हातात गुंडाळलेला लाल. गाडी आली की तुमची नजर खाली, चाकांवर. कुठे धूर निघतो का, काही लोंबकळतं आहे का, घासल्याचा आवाज येतो का. पहिल्या चाकापासून शेवटच्या डब्यावरच्या पाटीपर्यंत मान वर करायची नाही. शेवटचा डबा गेला, गार्डाला झेंडा दिसला, की मगच तुम्ही श्वास सोडायचात. मी लहान असताना गाडीतली मुलं मला टाटा करायची आणि मी त्यांना. तुम्हाला कोणी टाटा केला तरी तुम्हाला कळायचं नाही. हे सगळं मला माहीत होतं, बाबा. म्हणूनच पुढे जे झालं त्याला माझ्याकडे सबब नाही.

बारावीनंतर मला बडोद्याला कॉलेजात जागा मिळाली. इंग्रजी घेऊन बी.ए. करणारी आपल्या घरातली मी पहिली. जायच्या आदल्या आठवड्यात मी तुम्हाला विचारलं, “बाबा, येणार ना सी ऑफ करायला?” तुम्ही म्हणालात, “बघू, ड्यूटी कशी लागते.” पण गेटमनच्या मुलीला रोस्टर वाचता येतं. गुमटीच्या भिंतीवरचा कागद मी बघितला होता. त्या दिवशी तुमची सुट्टी होती. मी मनात म्हटलं, बाबा मुद्दाम सांगत नाहीत, गंमत करणार आहेत. आणि त्या सकाळी उठून बघते तर तुम्ही गणवेश चढवून सायकल काढताय. “ड्यूटी आहे,” एवढंच बोललात. माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि गेलात. सुट्टी असून. डहाणूच्या फलाटावर माझ्याबरोबर निघालेल्या मैत्रिणीचे वडील तहसील कचेरीतले, त्यांनी अर्धा दिवस रजा टाकली होती, खिडकीतून चिकूची पेटी आत ढकलत होते, पाण्याची बाटली भरून आणत होते, गाडी हलली तसे बरोबरीने चालायला लागले. माझ्या खिडकीशी आई उभी होती, पदर तोंडाशी धरून. मी तिच्याकडे नीट बघितलंही नाही, कारण मी पुलाच्या जिन्याकडे बघत होते, तुम्ही शेवटच्या क्षणी धावत याल म्हणून.

तरी मी मुद्दाम फाटकाच्या बाजूची खिडकी धरली होती. चिकूची वाडी दिसायला लागली तशी मी गजाला तोंड लावलं. तुम्ही उभे होतात, तसेच, ठरलेल्या जागी. मी जिवाच्या आकांताने ओरडले, “बाबा!” अख्खा डबा माझ्याकडे बघायला लागला. तुमची मान वर झाली नाही. तुम्ही माझ्या खिडकीच्या खाली बघत होतात. दोन सेकंद असतील, तीन असतील. मग चिकूची वाडी संपली. मैत्रिणीने विचारलं, “ते तुझे बाबा होते ना?” मी म्हटलं, “नाही, दुसरे कोणीतरी.”

दिवाळीला घरी आले तेव्हा मी विचारायची टाळाटाळ करत होते, पण तोंडातून निघून गेलंच. “बाबा, मी हाक मारली होती, ऐकू नाही आली का?” तुम्ही चिडलात. तुम्ही सहसा चिडत नसायचात, म्हणून ते जास्त लागलं. “गाडी जाताना हाक मारायची नाही. परत असं करू नकोस. लक्ष जातं.” झालं, तेव्हापासून माझ्या मनात जी अढी बसली ती बसली. मी जिद्दी तर होतेच, त्यात शिकलेली. रागाला छान शब्द सापडायला लागले होते. पाच वर्षं, बी.ए. आणि पुढचं शिक्षण होईपर्यंत, दर दिवाळीला, दर गणपतीला, दर मे महिन्यात मी घरी आले आणि परत गेले, आणि दर वेळी तुम्ही ड्यूटीवर. मी रोस्टर बघणं सोडून दिलं. खिडकीही मुद्दाम दुसऱ्या बाजूची घ्यायला लागले. फाटक येऊन जायचं, मी पुस्तकात डोकं घालून बसायची.

माझ्या लग्नात तर तुम्ही कमालच केलीत. पाठवणीची वेळ, आई रडतेय, मावश्या रडतायत, मी रडायचं की नाही हे ठरवतेय, आणि मुलीचा बाप कुठे म्हणून शोधाशोध. तुम्ही सापडलात गाडीपाशी. नव्या धोतरात उकिडवे बसून टायर बघत होतात. ड्रायव्हर सांगत होता, “काका, कालच हवा भरलीय,” आणि तुम्ही हाताने चाक चाचपत मागच्या बाजूला गेलात. सासरची माणसं तोंडावर हात ठेवून हसली. माझ्या नवऱ्यानेही नंतर कितीदा तरी हा किस्सा सांगितला, आणि मीच त्याला मीठमिरची लावून दिली. गाडी सुरू झाली तेव्हा मी मागे वळून बघितलं नाही. माझा हट्ट असा, की हे आपल्याला बघत नाहीत तर आपण का बघावं.

तलासरीला नोकरी लागल्यावर मी जवळ आले खरी, पण येणं वाढलं असं नाही. महिन्याकाठी एखादा रविवार. तुम्ही निवृत्त झाला होतात, घरात हातपाय हलवायला काही नाही म्हणून दारातल्या भाज्यांना पाणी घालायचात. मी निघाले की बसस्टॉपपर्यंत यायला चप्पल घालायचात, आणि मी म्हणायची, “कशाला उगाच? मला सवय आहे एकटीने जायची.” तुम्ही चप्पल परत काढायचात. हे मी किती वेळा म्हटलं ते आठवत नाही. आठवत नाही हे बरंच आहे.

मग तो दिवस. मी शाळेत असताना आईचा फोन आला. “अगं, बाबांना वापीला नेतोय. सकाळपासून छातीत दुखतंय, इथले डॉक्टर बोलले मोठ्या दवाखान्यात दाखवा. ॲम्ब्युलन्स केलीय, हायवेने येतोय. ते बोलतात, तुझ्या शाळेच्या नाक्यावर दोन मिनिटं थांबवतो, तू ये.” मागून तुमचा आवाज आला, “येते काय?” मी म्हटलं, “आई, मी वर्गावर आहे गं. परीक्षा तोंडावर आलीय, मुलांना सोडून कशी येऊ? तुम्ही पुढे व्हा. मी शाळा सुटल्यावर थेट वापीला येते.” आई म्हणाली, “दोनच मिनिटं गं.” मी म्हटलं, “नाही जमणार.” खरं सांगते, तुम्ही मराल असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. चार तपासण्या होतील, गोळ्या देतील, सोमवारी घरी. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती मला तेव्हाही कळत होती. मला बरं वाटलं होतं, बाबा. फोन ठेवताना, अगदी घोटभर, बरं वाटलं होतं. एकदा कळू दे यांनाही, कोणी आलं नाही की कसं वाटतं. शाळा सुटायच्या आत दुसरा फोन आला. अच्छाडला गुजरातची हद्द ओलांडून तुम्ही वापीला पोचलात, आणि स्ट्रेचरवरून उतरवताना गेलात.

तेराव्याला तुमचे जोडीदार आले होते, उंबरगावचे, तुमच्याच फाटकावर दुसऱ्या पाळीला असायचे ते. जेवण झाल्यावर मला बाजूला बोलावून म्हणाले, “बेटा, तुझा बाप मोठा हट्टी माणूस. तू बडोद्याला जायची ना, तवा दर टायमाला माझी ड्यूटी मागून घ्यायचा. स्वतःची रेस्ट सोडायचा. मी बोललो, अरे भाई, पोरगी चालली, स्टेशनवर जा, हात हलव. तर बोलतो कसा, हात हलवायला तिची आई आहे. तिच्या गाडीची चाकं दुसऱ्याने बघितलेली मला नाय चालत.” ते थोडे हसले. “मला राग आला. मी पण गेटमनच ना? माझ्या नजरेवर भरवसा नाय काय? तर बोलला, तुझ्यावर भरवसा आहे रे, पण आत तुझी पोरगी नाय ना. बेटा, तुला खबर नाय काय हे?” मी नाही म्हटलं. “गाडी गेली तरी हा काय बसायचा नाय. घोलवडला फोन, मग पुढे उंबरगावला फोन. गाडी नीट गेली काय? ते बोलले गेली, की मगच पाणी प्यायचा.”

मी तिथून उठून मागच्या दारी गेले आणि भाज्यांच्या वाफ्यात बसले. रडले असं नाही म्हणणार, ओरडावंसं वाटत होतं आणि घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. पाच वर्षं मी ज्या डब्यांत बसले त्यांचं एकेक चाक तुम्ही बघून सोडलंत. त्या पाच वर्षांत एकाही चाकातून धूर निघाला नाही, काही लोंबकळलं नाही, कुणाचा जीव वाचला नाही. सांगण्यासारखं काहीच घडलं नाही, म्हणून तुम्ही सांगितलं नाहीत. तुम्ही का नाही सांगितलंत, हे मी तुम्हाला मनातल्या मनात पुष्कळदा विचारलंय. एकदा म्हणाला असतात, वेडे, मी तुझीच चाकं बघतो. मग वाटतं, मी कुठे विचारलं होतं? ‘ऐकू आली नाही का’ असं विचारलं होतं; का करता असं, हे कधी विचारलं नव्हतं. कालच्या त्या पोरीने अर्ध्या मिनिटात विचारलं.

आणि हे सगळं कळल्यावरही मी फळ्यावर तेच वाक्य लिहीत राहिले. माझे वडील मला कधीच पोचवायला आले नाहीत. वर्षानुवर्षं, दर नववीला. शेकडो पोरं तुम्हाला हसून गेली. सवय म्हणावी तर सवय, पण तसं नव्हतं. ते वाक्य बदलायचं तर त्या जागी दुसरं लिहावं लागलं असतं, आणि ते तुमच्याबद्दल नसतं, माझ्याबद्दल असतं.

आई आता थकली आहे, माझ्याकडेच असते. पाय चालत नाहीत, पण बोलणं चालू असतं. शेजारीपाजारी कोणी आलं की तिचं एक ठरलेलं आहे. ॲम्ब्युलन्समध्ये तिने तुम्हाला सांगितलं की मी येत नाही, मी वर्गावर आहे. तेव्हा तुम्ही म्हणालात, “बरोबर केलं पोरीने. समोर मुलं बसलीत, टाकून कशी येणार?” आणि तरीही तुम्ही नाक्यावर गाडी थांबवायला लावलीत, दोनाची दहा मिनिटं झाली, ड्रायव्हर घाई करत होता, आणि तुम्ही आईला म्हणत होतात, “मला जरा उठवून बसव, शाळा कुठली ते बघतो.” तिने तुम्हाला टेकून बसवलं. तुम्ही काचेतून शाळा बघितलीत आणि म्हणालात, “माझ्यावर गेली. कामाच्या वेळेला काम.” आई हे सांगते तेव्हा तिचा चेहरा फुलतो. पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी चहा आणायला आत जाते.

हे पत्र मी कुठे टाकणार? वहीच्या मागच्या पानांवर लिहिलंय, फाडून कपाटात ठेवीन. आईला वाचून दाखवावं असं दोनदा मनात आलं, पण तिच्याकडे तेवढंच उरलंय, ते तिच्या हातून काढून घ्यायची माझ्यात हिंमत नाही. तुमच्याजवळही मी ते तसंच राहू दिलं असतं, पण तुम्ही ते खरं समजून घेऊन गेलात, आणि हे एवढं एक मला कोणापाशी बोलता आलेलं नाही. बाबा, तेव्हा मी वर्गावर नव्हते. तो तास मला मोकळा होता. स्टाफरूममध्ये मी एकटी बसले होते, आणि ॲम्ब्युलन्स नाक्यावर उभी होती ती मला खिडकीतून दिसत होती.